पूर्ण लेन काळी येते, तेव्हा प्रोबमध्ये नेमकं काय बदलायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. पेशींमधलं कॅथेप्सिन बी, म्हणजे प्रोटीन कापणारं एक एन्झाइम, प्रत्यक्ष किती काम करतंय, हे तुम्हाला मोजायचं आहे. त्यासाठी प्रोब, म्हणजे चालू एन्झाइमला चिकटून त्यावर खूण ठेवणारा रेणू, बनवायला तुम्ही फिनाइलॲलनिन-आर्जिनिन ही अमिनो आम्लांची जोडी घेतली. तिच्या नायट्रोजनच्या टोकाला वॉरहेड, म्हणजे एन्झाइमशी कायमचा बंध करणारा भाग, म्हणून क्लोरोॲसिटिल गट लावला आणि आर्जिनिनच्या पुढे लिंकर (जोडसाखळी) जोडून बायोटिन हा टॅग, म्हणजे शोधता येणारी खूण. पेशींचं लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचं द्रावण, साध्या पीबीएस बफरमध्ये, म्हणजे ७.४ पीएचला घेतलं, ५० मायक्रोमोलर प्रोब टाकून तासभर ठेवलं, जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करून बायोटिनला धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनने ब्लॉट केला आणि वरपासून खालपर्यंत पूर्ण लेन काळी आली. प्रोब ५ मायक्रोमोलरवर आणला तर ७५ आणि १३० किलोडाल्टनच्या आसपास दोन-तीन बँड उरतात, आणि कॅथेप्सिन बी जिथे दिसायला हवं तिथे, ३० च्या जवळ, काहीच नाही. गाइड म्हणतात वॉरहेड बदला, सिनियर म्हणते पेप्टाइड बदला. ऐकायचं कोणाचं?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मी गेली वीसेक वर्षं सिस्टीन प्रोटिएजवर, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमांवर, काम करतोय, आणि तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की नवा रेणू बनवायला घेण्याआधी वेगवेगळ्या अडचणी सुट्या करायला हव्यात. आत्ता त्या एकाच काळ्या लेनमध्ये एकमेकींवर चढून बसल्या आहेत.

सगळ्यात सोपी आधी. ७५ आणि १३० चे ते बँड बहुधा तुमच्या प्रोबचे नाहीतच. आपल्या पेशींमध्ये काही कार्बॉक्सिलेज एन्झाइमांवर निसर्गतःच बायोटिन जोडलेलं असतं. पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज १३० च्या आसपास धावतं, प्रोपिओनिल-कोए आणि मिथाइलक्रोटोनिल-कोए कार्बॉक्सिलेजच्या बायोटिनवाल्या साखळ्या ७५ च्या आसपास, आणि जेल वरच्या भागात नीट उलगडलं असेल तर अगदी वर २६५ च्या जवळ ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज. स्ट्रेप्टाव्हिडिनला ही सगळी दिसतात, प्रोब टाका किंवा नका टाकू. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अशाच एका ७५ च्या बँडमागे तीन आठवडे घालवले होते. उपचार दिलेल्या पेशींमध्ये तो कमी व्हायचा म्हणून मी तो वहीत लाल पेनाने गोल करून ठेवला होता. शेजारच्या बाकावरच्या ताईंनी एकच विचारलं, ‘नुसत्या डीएमएसओची लेन कुठाय?’ नुसता द्रावक, प्रोब नाही, अशी ती लेन मी लावलीच नव्हती. लावली, तर बँड तिथेही तसाच. तेव्हापासून शून्य प्रोबची लेन माझ्या प्रत्येक जेलवर पहिली असते. तुम्हीही आजच लावून बघा, त्यासाठी काहीही नवीन बनवावं लागणार नाही.

आता रेणूकडे वळू. इथे गाइड आणि सिनियर दोघांच्याही नजरेतून निसटलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे रेणूची दिशा. फिनाइलॲलनिन-आर्जिनिन ही जोडी तुम्ही घेतलीत, कारण तिच्यावर चमकणारा रंग लावलेला सबस्ट्रेट (एन्झाइम कापतं तो रेणू) कॅथेप्सिन बी आणि एलसाठी सगळीकडे वापरला जातो. त्या सबस्ट्रेटमध्ये एन्झाइम साखळी कापतं ती आर्जिनिनच्या पुढे. म्हणजे कापणारं सिस्टीन आर्जिनिनच्या कार्बोनिलवर येऊन आदळतं. तुमच्या रेणूत तिथे वॉरहेड नाहीच. तिथे साधा अमाइड बंध आहे आणि त्याच्या पलीकडे बायोटिन. वॉरहेड बसलंय पार दुसऱ्या टोकाला. एन्झाइमने तुमचा रेणू जसा ओळखायला हवा तसा ओळखला, तर ते त्याला चिकटणार नाही, कापून टाकेल. बायोटिन सुटून जाईल आणि ब्लॉटवर काहीही उरणार नाही. तुम्ही एन्झाइमला प्रोब देत नव्हता, खाऊ देत होता. ३० च्या जागी शांतता आहे, त्याचं एक सरळ कारण हे असू शकतं.

नायट्रोजनच्या टोकाला वॉरहेड कधीच चालत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ई-६४ हा या कुटुंबाचा प्रसिद्ध अवरोधक, म्हणजे एन्झाइम बंद पाडणारा रेणू, आहे. १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी तो एका बुरशीपासून वेगळा केला. त्यातलं एपॉक्साइड ल्युसीनच्या नायट्रोजनवरच आहे, आणि पपेन या भावंड-एन्झाइमबरोबरच्या स्फटिकरचनेत दिसलं की तो रेणू एन्झाइमच्या खोबणीत सबस्ट्रेटच्या उलट्या दिशेने बसतो. पण ती बसण्याची रीत निसर्गात घडून आलेली आहे आणि ल्युसीन तिथे नेमकं खोबणीतल्या एस-२ या कप्प्यात जातं. आपण अंदाजाने उलटा रेणू बनवला की तो असाच बसेल, यावर पैसे आणि सहा महिने लावू नयेत. सबस्ट्रेटवरून प्रोब करायचा असेल तर वॉरहेड तिथेच यायला हवं जिथे एन्झाइम कापतं, आणि टॅग जायला हवा विरुद्ध टोकाला, खोबणीच्या बाहेर.

मग गाइड म्हणतात तसं वॉरहेडचं काय? तुमचा क्लोरोॲसिटिल गट नायट्रोजनवर बसला की होतं ते क्लोरोॲसिटामाइड, आणि त्याबद्दल मला जरा ठामपणे सांगायचं आहे. प्रोटिऑमिक्सच्या, म्हणजे नमुन्यातली सगळी प्रोटीन एकत्र अभ्यासणाऱ्या, कोणत्याही लॅबमध्ये जा, प्रोटीनचे तुकडे करण्याआधी नमुन्यातली झाडून सगळी सिस्टीन झाकायला आयोडोॲसिटामाइड किंवा क्लोरोॲसिटामाइडच वापरतात. जो गट सगळी सिस्टीन झाकायला म्हणून विकत आणतात, तोच आपण एका एन्झाइमचं एक सिस्टीन निवडायला वापरतो आहोत. पेशीत ग्लुटाथायोन हा सिस्टीनवाला छोटा रेणू १ ते १० मिलिमोलर इतकं असतं, तेही त्याच्यावर तुटून पडतं. चांगल्या मार्गदर्शक पेप्टाइडबरोबर, कमी प्रमाणात क्लोरोॲसिटामाइडने उत्तम काम केलेलं मी पाहिलं आहे. पण पहिल्या प्रोबसाठी मी ते हातात घेणार नाही.

का, ते आकड्यांत सांगतो, कारण ‘जास्त टाकलं की जास्त दिसेल’ हा समज इथेच मोडतो. कायमचा चिकटणारा रेणू किती जोरात पकडतो ते एका आकड्यात मांडता येतं: के-इनॅक्ट (चिकटण्याचा कमाल वेग) भागिले के-आय (आधीची पकड किती सैल आहे त्याचा आकडा). एकक दर मोलर दर सेकंद. समजा तुमच्या लक्ष्यासाठी हा आकडा १०,००० आहे. प्रोब १ मायक्रोमोलर टाकला, तर दर सेकंदाला ०.०१ इतका वेग मिळतो, म्हणजे ६९ सेकंदांत निम्मं एन्झाइम चिकटलेलं, आणि अर्ध्या तासात जवळपास सगळं. आता कुठल्यातरी भलत्याच प्रोटीनवरचं एक सिस्टीन घ्या, ज्याच्यासाठी हाच आकडा फक्त १० आहे. १ मायक्रोमोलरला, अर्ध्या तासात, त्यातलं दोन टक्क्यांपेक्षा कमी चिकटेल. पण तुमच्या अटींवर, ५० मायक्रोमोलर आणि एक तास, तेच प्रोटीन ८३ टक्के चिकटतं! लक्ष्य तर आधीच पूर्ण भरलेलं आहे, त्याचा बँड आणखी गडद होणारच नाही. म्हणजे प्रमाण वाढवून तुम्ही फक्त गोंधळ वाढवलात. हजारपट निवडकपणा असलेला प्रोबसुद्धा अशा वागणुकीत निवडक राहत नाही.

त्यात प्रोटीनची मुबलकता मिसळा. जीएपीडीएच या साखर मोडणाऱ्या एन्झाइमचं उदाहरण घ्या. त्याच्या ॲक्टिव्ह साइटमधलं (एन्झाइम काम करतं त्या जागेतलं) सिस्टीन चांगलंच तापट आहे, पेशीत ते भरपूर असतं, आणि ते धावतं ३६ च्या जवळ. त्यातलं दोन टक्के चिकटलं तरी ते कॅथेप्सिन बीच्या शंभर टक्क्यांना झाकून टाकू शकतं. तुमच्या जेलवर त्या उंचीला जाड पट्टा असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर.

पीएचही इथे फुकटात मदत करतो, आणि तो तुम्ही वापरलेला नाही. साध्या सिस्टीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या सिस्टीनचा प्रोटॉन सुटतो तो, साधारण ८.३ धरा. ७.४ पीएचला त्यातली सुमारे ११ टक्के सिस्टीन थायोलेट रूपात, म्हणजे हल्ला करायला तयार असतात. ५.५ पीएचला हे प्रमाण ०.१६ टक्क्यांवर येतं, जवळजवळ सत्तरपट कमी. पण कॅथेप्सिनच्या ॲक्टिव्ह साइटमधलं सिस्टीन शेजारच्या हिस्टिडिनशी आयनांची जोडी बांधून बसलेलं असतं. ५.५ पीएचलाही ते थायोलेटच असतं, कारण लायसोसोम या पेशीतल्या पिशवीच्या आम्लात काम करायला ते घडलेलं आहे. त्यामुळे नुसता बफर बदलून पार्श्वभूमी खाली जाते आणि लक्ष्य जागच्या जागी राहतं. सायट्रेट किंवा ॲसिटेट बफर, ५.५ पीएच, ताजं डीटीटी (एन्झाइमचं सिस्टीन जागं ठेवायला), थोडं ईडीटीए (धातू बांधून ठेवायला). शिवाय पीबीएससारख्या उदासीन पीएचला कॅथेप्सिन एल तर मिनिटांत मरतं, बीसुद्धा हळूहळू निस्तेज होतं. तुमच्या नमुन्यातलं एन्झाइम प्रोबची वाट बघता बघता निकामी झालं असण्याची शक्यताही आहेच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बायोटिनचे जन्मजात बँड वेगळे काढा, ५.५ पीएचला या, प्रोब १ मायक्रोमोलरच्या आसपास आणा, आणि रेणूची दिशा सुधारा. यातलं पहिलं तीन तर तुम्ही याच आठवड्यात करू शकता.

चौथ्यासाठी आधी एक ठरवावं लागेल. तुम्हाला एक एन्झाइम पाहायचंय की पूर्ण कुटुंब? यावर सगळी रचना अवलंबून आहे, आणि इथे दोन जुनी उदाहरणं कायम माझ्या डोळ्यांसमोर असतात.

पहिलं टीपीसीके या अवरोधकाचं, १९६३ सालचं. कायमोट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम मोठ्या, तेलकट अमिनो आम्लांपुढे कापतं. म्हणून संशोधकांनी फिनाइलॲलनिनला क्लोरोमिथाइल किटोन लावलं, नेमकं कापायच्या जागी. तो रेणू कायमोट्रिप्सिनच्या ५७ क्रमांकाच्या हिस्टिडिनला चिकटला आणि एन्झाइम बंद पडलं. ट्रिप्सिन हे त्याचं भावंड मात्र तसंच चालू राहिलं. मग त्याच चौकटीत फिनाइलॲलनिनच्या जागी लायसीन ठेवलं, टीएलसीके तयार झालं, आणि त्याने ट्रिप्सिन बंद झालं, कायमोट्रिप्सिन नाही. वॉरहेड दोन्हीकडे तेच. फरक पाडला तो ओळख पटवणाऱ्या भागाने. तुमच्या सिनियरच्या म्हणण्याला आधार आहे तो हा.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या बेंजामिन क्रॅव्हाट यांच्या गटाने फ्लुओरोफॉस्फोनेटला बायोटिन जोडून एक प्रोब मांडला. त्यात ओळखीचा भाग जवळजवळ नाहीच, एक लांब साखळी आहे फक्त. कारण त्यांना एक एन्झाइम नको होतं, सेरीन हायड्रोलेजचं, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर बंध तोडणाऱ्या एन्झाइमांचं, सगळं घराणं एका जेलवर हवं होतं, आणि माणसात त्यात दोनशेच्या वर एन्झाइमं आहेत. मग हा प्रोब सगळ्या सेरीनला का चिकटत नाही? कारण साधं सेरीन फार थंड असतं. ॲक्टिव्ह साइटमधलं सेरीन शेजारच्या हिस्टिडिनमुळे तापलेलं असतं, आणि फॉस्फोनेट त्याच्यावरच चढतं. हे रसायन आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांना फार जवळून माहीत आहे. फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा होते, तेव्हा अंगात घडतं ते हेच: ॲसिटिलकोलिनेस्टरेज या मज्जातंतूंच्या एन्झाइमचं सेरीन फॉस्फेटने झाकलं जातं. पॅम या उताऱ्याचं इंजेक्शन लवकर द्यायची धडपड असते, कारण काही काळाने त्या फॉस्फेटवरचा एक गट गळून पडतो आणि मग पॅमलाही तो बंध सोडवता येत नाही. प्रोब बनवणाऱ्याला हवा असलेला कायमचा बंध म्हणजे नेमका तो. हे रेणू हाताळताना हातमोजे आणि फ्यूम हूड यांच्याबाबत मी माझ्या विद्यार्थ्यांना अजिबात सूट देत नाही, त्यामागे हे आहे.

सिस्टीनच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. साधं सिस्टीनही पुरेसं तापट असतं. म्हणून तिथे वॉरहेड थंड ठेवावं लागतं आणि ओळख घट्ट. हेच मला तुम्हाला मुख्यतः सांगायचं आहे. वॉरहेड असं निवडा की मोकळ्या द्रावणात ते ग्लुटाथायोनकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि खोबणीत जाऊन सिस्टीनच्या नाकासमोर बसल्यावरच पेटेल. एपॉक्सिसक्सिनेट तसं आहे. ॲसिलॉक्सिमिथाइल किटोन तसं आहे, आणि ते कापायच्या जागी नेमकं बसतं, म्हणून सबस्ट्रेटवरून प्रोब करायला फार सोयीचं. व्हिनाइल सल्फोनही चालतं.

एकटं कॅथेप्सिन बी हवं असेल, तर दोन वाटा आहेत. तुमचीच फिनाइलॲलनिन जोडी ठेवून आर्जिनिन किंवा लायसीनपुढे ॲसिलॉक्सिमिथाइल किटोन लावलं, तर बी, एल, एस असे दोन-तीन बँड मिळतील. ते उंचीवरून ओळखता येतात आणि खरं सांगायचं तर बऱ्याच प्रश्नांना तेवढं पुरतं. बीच्या एस-२ कप्प्याच्या तळाशी २४५ क्रमांकाचं ग्लुटामेट असतं, त्यामुळे तिथे आर्जिनिनही मावतं, जे एलला आवडत नाही. आर्जिनिन-आर्जिनिन असा सबस्ट्रेट बीसाठी वापरतात तो त्यामुळेच.

दुसरी वाट सीए-०७४ या अवरोधकाची. बीच्या खोबणीच्या पुढच्या बाजूला एक वळसा झाकणासारखा आलेला आहे, आणि त्यावर ११० आणि १११ क्रमांकांची दोन हिस्टिडिन आहेत. सीए-०७४ च्या प्रोलीनचं मोकळं कार्बॉक्सिलेट त्या दोघांना जाऊन धरतं. भावंडांपैकी कोणाकडेच तो वळसा नाही, म्हणून हा रेणू बीवर इतका निवडक. इथून प्रोब करायचा तर टॅग त्या कार्बॉक्सिलेटवर लावायचा मोह होतो, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीच सगळ्यात सोपी जागा आहे. लावू नका. ते झाकलं की निवडकपणा जातो. पेशीत शिरण्यासाठी त्याचा मिथाइल एस्टर वापरतात, तोही एस्टर तुटेपर्यंत एलला धरू शकतो, तो याच कारणाने. टॅग विरुद्ध टोकाला, प्रोपिल अमाइडच्या बाजूला जायला हवा.

टॅगची जागा निवडण्याची माझी रीत साधी आहे. अवरोधकाची एन्झाइमबरोबरची स्फटिकरचना संगणकावर उघडायची आणि रेणूचं कोणतं टोक पाण्यात तरंगतंय ते बघायचं. ई-६४ मध्ये ते ग्वानिडिनचं टोक आहे. डीसीजी-०४ हा या कुटुंबाचा सगळ्यात वापरलेला प्रोब त्याच टोकाकडून लांबवून बनवलेला आहे: एपॉक्साइड, ल्युसीन, टायरोसीन, मग अंतर ठेवणारा तुकडा आणि शेवटी बायोटिन. ल्युसीन एस-२ मध्ये, बायोटिन बाहेर. पहिला प्रोब स्वतः नव्याने आखण्याऐवजी हाच मागवून किंवा बनवून तुमच्या लायसेटवर चालवा, असा माझा आग्रह आहे. तो चालला तर नमुना आणि बफर ठीक आहेत हे कळतं. तो चालला नाही तर दोष तुमच्या रेणूचा नाही, आधीच्या पायरीचा आहे.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या. जिवंत पेशीत बघायचं असेल तर बायोटिन फारसं आत शिरत नाही. तिथे टॅगच्या जागी छोटंसं अल्काइन ठेवायचं आणि पेशी फोडल्यावर क्लिक रसायनाने, म्हणजे तांब्याच्या मदतीने अल्काइन आणि अझाइड जोडणाऱ्या अभिक्रियेने, त्यावर रंग किंवा बायोटिन चढवायचं. ज्या रसायनाला २०२२ चं नोबेल मिळालं तेच हे. प्रोबवर अल्काइन आणि रंगावर अझाइड असं ठेवा. उलट केलं तर पार्श्वभूमी वाढते. आणि एक खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. मी वर कॅथेप्सिनच्या बफरमध्ये ईडीटीए आणि डीटीटी घालायला सांगितलं. क्लिकला लागतं तांबं, आणि ही दोन्ही तांबं गिळून टाकतात. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याचं क्लिक दीड महिना चालेना, त्याने लिगँड बदलला, अझाइड बदललं, कॉपर सल्फेटची नवी बाटली आणली. कारण लायसिस बफरमध्ये होतं. प्रोब चिकटल्यानंतर प्रोटीन मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने खाली बसवा, धुवा, नव्या बफरमध्ये घ्या, मगच १ मिलिमोलर कॉपर सल्फेट, टीबीटीए (तांबं धरणारा लिगँड) आणि टीसीईपी (रिड्यूसिंग एजंट) घालून तासभर ठेवा.

जिवंत पेशी आणि लायसेट यांचे निकाल जुळले नाहीत तर लगेच घाबरू नका. सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या मोकळ्या द्रवात, स्टेफिन नावाचे छोटे अवरोधक असतात. जिवंत पेशीत ते लायसोसोमच्या भिंतीबाहेर असतात; पेशी फोडली की कॅथेप्सिनशी त्यांची गाठ पडते. म्हणून लायसेटमध्ये बँड फिका दिसू शकतो, एन्झाइम तितकंच असूनही. त्याचबरोबर प्रो-कॅथेप्सिनच्या, म्हणजे एन्झाइमच्या अजून चालू न झालेल्या रूपाच्या, खोबणीत स्वतःचाच तुकडा अडकवलेला असतो, तेव्हा प्रोबला जागा मिळत नाही. अँटिबॉडीने प्रोटीन दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर प्रोटीन भरपूर आणि प्रोबचा बँड नाही, हा दोष नव्हे. प्रोब वापरायचा तो हाच फरक बघायला.

३० च्या जागेबद्दलही एक सांगतो, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. कॅथेप्सिन बी दोन रूपांत मिळतं. एक अखंड साखळी, ३० च्या आसपास. दुसरं रूप कापलेलं: २५ ची जड साखळी आणि ५ ची हलकी, डायसल्फाइड बंधाने एकत्र धरलेली. कापणारं २९ क्रमांकाचं सिस्टीन हलक्या साखळीवर आहे. तुम्ही सॅम्पल बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळलंत की बंध तुटतो आणि तुमचा टॅग त्या ५ किलोडाल्टनच्या तुकड्याबरोबर जातो. १२ टक्क्यांच्या जेलवर तो रंगाच्या पट्ट्याबरोबरच पळून जातो. वेस्टर्नवर २५ ला झकास बँड, प्रोबला तिथे काही नाही, आणि आपण रेणूला दोष देत बसतो. एकदा रिड्यूसिंग एजंट न घालता चालवून बघा, किंवा १५ टक्क्यांचं जेल घ्या आणि खालचा भाग कापून फेकू नका. चमकणारा टॅग असेल तर मात्र मोकळा प्रोबही त्याच तळाशी झगझगीत दिसतो, तेव्हा आधी प्रोटीन खाली बसवून तो धुऊन काढावा लागेल.

कंट्रोल. यात मी कुणालाच सवलत देत नाही, स्वतःलाही नाही. शून्य प्रोबची लेन झालीच. दुसरी, नमुना उकळून मग प्रोब घातलेली लेन: जो बँड उकळल्यावरही तसाच राहतो तो एन्झाइमच्या कामाशी संबंधित नाही. तिसरी आणि सगळ्यात बोलकी, स्पर्धेची लेन. टॅग नसलेलं ई-६४, १० मायक्रोमोलर, अर्धा तास आधी घाला, मग प्रोब. जे बँड विझले ते तुमच्या कुटुंबातले. जे विझले नाहीत ते कितीही सुंदर दिसोत, त्यांच्यावर लिहू नका. बी वेगळं काढायला हाच प्रयोग सीए-०७४ घालून. जिवंत पेशीत ई-६४ आत जात नाही, तिथे त्याचं आत शिरणारं रूप, ई-६४डी. हातात वेळ आणि क्लोन असेल तर २९ क्रमांकाचं सिस्टीन बदलून ॲलनिन केलेलं एन्झाइम. त्यावर प्रोब चिकटता कामा नये. आणि वेळ व प्रमाण दोन्हींचा एक छोटा जाळीदार प्रयोग: ०.१, ०.३, १, ३ मायक्रोमोलर, ५ आणि ३० मिनिटं. लक्ष्याचा बँड एका पातळीला जाऊन थांबतो, बाकीचे चढतच राहतात. जिथे लक्ष्य थांबलं आणि बाकीचे अजून उठले नाहीत, तिथे तुमची जागा.

शेवटी, जिवंत पेशीत गेल्यावर लक्षात ठेवायची एक बाब, कारण तुमच्या रेणूत आर्जिनिन आहे आणि लायसीनचाही विचार होईल. हाडांच्या झिजेवर कॅथेप्सिन केसाठी बालिकाटिब नावाचं औषध तपासलं गेलं होतं. शुद्ध एन्झाइमवर ते केला निवडक होतं. पण रेणू अल्कधर्मी असल्याने तो लायसोसोमच्या आम्लात जाऊन साठायचा, आणि तिथे त्याचं प्रमाण इतकं वाढायचं की बी, एल, एसही बंद व्हायचे. नळीत मोजलेला निवडकपणा पेशीत तसाच उतरेल असं गृहीत धरू नका. जिवंत पेशीतला स्पर्धेचा प्रयोग वेगळा करावाच लागतो, आणि तिथलं प्रोबचं प्रमाण लायसेटपेक्षा कमी ठेवून सुरुवात करावी.

तर या आठवड्यात पाच लेन: नुसतं डीएमएसओ, नुसता डीसीजी-०४, आधी ई-६४ घालून मग डीसीजी-०४, आधी सीए-०७४ घालून मग डीसीजी-०४, आणि उकळलेल्या नमुन्यात डीसीजी-०४. ५.५ पीएच, ताजं डीटीटी, १ मायक्रोमोलर, अर्धा तास. एक जेल रिड्यूसिंग, एक रिड्यूसिंग एजंट न घालता. फोटो दाखवाल तेव्हा पूर्ण जेलचा दाखवा, तळासकट, आणि मार्करची लेन कापू नका. त्यावरून तुमच्या रेणूचं पुढचं रूप कसं असावं ते बरंचसं सांगता येईल.